वैशाखातली चूळ

मी भिंती चाटायचो. हसायचं तर हसून घ्या, माझी बायको वत्सला बावीस वर्षं हसत आली आहे. पण बोईसर-तारापूरच्या बाजूला कारखाने आले, बाहेरगावची माणसं आली, सालवड-बेटेगावात भाताच्या शेतांवर घरं उभी राहिली, आणि विकत घेण्याआधी घर कुणा जाणत्याला दाखवावं असं लोकांना वाटायला लागलं. तेव्हा पहिलं नाव निघायचं ते माझं. शिरगावचा दामू गवंडी. "दामूने जीभ लावली का?" असं लोक एकमेकांना विचारायचे, आणि ते माझ्या कानावर आलं की मी दिवसभर ताठ मानेने फिरायचो.

आमचं घराणं मासेमारीचं. बाप, दोन्ही भाऊ होडीवर. मला मात्र होडीत पाय ठेवला की ओकारी यायची, म्हणून बापाने वैतागून मला एका गवंड्याच्या हाताखाली ढकललं. तिथे पहिल्याच वर्षी कळलं की आमच्या किनाऱ्यावर घराचा वैरी म्हणजे मीठ. खाडीची वाळू दाराशी मिळते, नदीची लांबून आणावी लागते. खाडीची वाळू गोड्या पाण्यात नीट धुतली नाही आणि तशीच स्लॅबमध्ये गेली, तर पाच-दहा वर्षं कुणाला काही दिसत नाही. आत लोखंडी सळई गंजत जाते, गंजून फुगते, आणि एक दिवस स्लॅब तिला सोडून देतो. तो दिवस कुठला ते कुणालाही सांगता येत नाही.

मी तसा एक स्लॅब पडलेला पाहिला होता. खाडीकाठचं गोदाम होतं. दुपारची जेवणं उरकून चार माणसं सावलीला लवंडली होती. ढिगारा उपसणाऱ्यांत मी होतो, आणि माझ्या हाताला आधी लागला तो एक चप्पल घातलेला पाय. त्यानंतर आजपर्यंत मी कुठल्याही घरात शिरलो की यजमानाच्या तोंडाकडे न बघता आधी वर बघतो. लोकांना वाटतं हा माणूस शिष्ट आहे. मी शिष्ट आहेच, पण वर बघतो ते भीतीने.

माझी तपासायची पद्धत ठरलेली होती. आधी लाकडी ठोकणीने छत आणि भिंती ठोकत जायचं. टणक आवाज आला तर बरं, बद्द आला तर तिथे खडूने गोल करायचा. मग छिन्नीने स्लॅबच्या पोटातला चिमूटभर चुरा काढायचा. मग आमच्या विहिरीचं पाणी घेऊन खळखळून चूळ भरायची, आणि स्वच्छ झालेल्या जिभेवर तो चुरा ठेवायचा. पाण्याची बाटली मी घरून न्यायचो. बोईसरच्या नळाचं पाणी मला फिकं लागायचं, औषधाचा वास यायचा. "त्या पाण्याने जीभ बिघडते," असं मी गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायचो. कान आणि जीभ यांचं जमलं नाही, तर मी जिभेचं ऐकायचो.

एकोणनव्वद सालची गोष्ट. वैशाख नुकताच लागला होता, अक्षय्य तृतीया दोन दिवसांवर होती. घरं बहुतेक त्याच सुमाराला घेतली जायची, त्यामुळे माझा हंगामही तोच. तारापूरच्या एका कारखान्यात काम करणारा कृष्णकांत नावाचा तरुण मला सालवडला घेऊन गेला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे अंगण, वर स्लॅब. घर दहा वर्षांचं. कागद तयार होते, पाहुण्यांना निरोप गेले होते, फक्त माझा शब्द बाकी होता. त्याची बायको हंसा बरोबर आली होती. सातवा महिना लागला होता तिला. ती सारखी या खोलीतून त्या खोलीत जात होती आणि खाट कुठे ठेवायची ते हातांनी मापत होती.

माझ्याबरोबर मंगळी होती. मनोरच्या पलीकडच्या डोंगरातली. दरवर्षी भात झोडून झालं की ती आणि तिचा नवरा जिव्या कामासाठी खाली उतरायचे आणि पालघरला एका बांधकामावर झोपडी टाकून राहायचे. सोळा वर्षं तिने माझ्या हाताखाली माल कालवला होता. तपासणीला गेलो की शिडी धरायला मी तिलाच न्यायचो. ती बोलायची कमी, आणि मी बोलायचो फार, त्यामुळे आमचं छान जमायचं.

मी ठोकत गेलो. बाहेरच्या खोलीत मधोमध आवाज जरा बद्द आला. तिथेच थांबून पुन्हा ठोकलं. मग चुरा काढला, चूळ भरली, जिभेवर ठेवला. काही नाही. खारटपणाचा मागमूस नाही. "गिलावा सुटलाय वरवरचा," मी खाली उतरून म्हटलं. "आतला माल गोड आहे. घ्या खुशाल."

हंसाने डोळे मिटून हात जोडले. कृष्णकांत माझ्या हातात पाकीट द्यायला लागला. तेवढ्यात मंगळीने जमिनीवर पडलेली खपली उचलली, माझी नक्कल करावी तशी जिभेला लावली, आणि थू करून थुंकली.

"खारा हाय, दादा," ती म्हणाली.

"तुझ्या भाकरीचं मीठ असेल हाताला," मी म्हटलं. गिऱ्हाइकासमोर बोलली म्हणून मला राग आला होता. "शिडी उचल."

तिने शिडी उचलली. नंतर एस.टी.त माझ्या मागच्या बाकावर बसून ती एकदाच म्हणाली, "हाताला मीठ नवता, दादा." बाईमाणूस उगाच हट्ट करतंय असं मनाशी म्हणत होतो, पण पालघर येईपर्यंत तो बद्द आवाज कानातून जाईना.

वत्सलाने मंगळीला सुकट न्यायला बोलावलं होतं, म्हणून ती माझ्याबरोबर शिरगावला आली. ऊन असं की अंगण पायाला पोळत होतं. वत्सलाने आम्हा दोघांना तांब्याभर पाणी दिलं. मी घटाघटा प्यालो. मंगळीने तांब्या हातात घेतला, तसाच खाली ठेवला आणि आपल्या डब्यातलं, पालघरच्या नळावरून भरून आणलेलं पाणी प्यायली.

"आमचं पाणी विटाळलं काय गो?" वत्सलाने चेष्टेत विचारलं.

"तसा नाय, बाय," मंगळी लाजून म्हणाली. "वैशाखात तुमचे इहिरीचा पानी मिठाचा ऱ्हाते. माजे पोटात जात नाय."

आमची विहीर गोडी. माझ्या आज्याने खणलेली. माघापर्यंत नारळाच्या पाण्यासारखी असते, हे सगळं गाव सांगेल. माघापर्यंत. पुढे झरे आटतात, समुद्र जमिनीखालून आत सरकतो, आणि पाणी रोज एवढं एवढं बदलत जातं. रोज तेच पिणाऱ्याला ते कसं कळणार?

"वत्सले, तीन वाट्या आण," मी म्हटलं.

एका वाटीत मंगळीच्या डब्यातलं पाणी. दुसरीत विहिरीचं. तिसरीत विहिरीचं, आणि त्यात बोटाच्या चिमटीने मीठ. मी पाठ फिरवून बसलो आणि वत्सलाला वाट्यांच्या जागा बदलायला सांगितल्या. पहिली चाखली: फिकं, नळाचं. दुसरी चाखली: गोड. तिसरी चाखली: गोड. पुन्हा दुसरी. पुन्हा तिसरी.

"मीठ कशात हाय?" वत्सलाने विचारलं. मला सांगता येईना. तिने स्वतः दोन्ही चाखल्या. "दोनी सारख्याच तं हायेत," ती म्हणाली आणि हसायला लागली. मग माझं तोंड बघून हसायची थांबली. मंगळीने एकेक थेंब जिभेला लावला आणि क्षणात मिठाची वाटी पुढे सरकवली.

मी चुळा भरत होतो त्या मिठाच्या पाण्याच्या. गिऱ्हाइकासमोर, ऐटीत, बाटली उंच धरून. अकरा वर्षं मी वैशाखात घरं पास केली होती. आणि त्या सगळ्या घरांच्या आधी मला एकच घर आठवलं. मागच्या वैशाखात बेटेगावला मी एक घर पास केलं होतं. ते माझ्या पोरीचं होतं.

नलू, माझी एकुलती एक. तिचा नवरा वामन कारखान्यात पाळीवर जायचा, सासू इंदुबाई घर राखायची. घर घेतल्यावर त्यांना कमळी झाली, ती या वैशाखात सात महिन्यांची होती. तिच्या झोळीसाठी स्लॅबला कडी ठोकून दिली होती ती मी. "झोळी हितंच बांधा, खोलीच्या मधोमध, वारा लागतो," असंही मीच सांगितलं होतं.

मी जेवलो नाही. मंगळीला तसंच घेऊन पुन्हा एस.टी.त बसलो. गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती आणि मी प्रत्येक थांब्यावर कंडक्टरच्या अंगावर ओरडत होतो. बोईसरला उतरून बेटेगावपर्यंत रिक्षा केली. घर जागेवर उभं दिसलं तेव्हा रस्त्याच्या कडेला दोन मिनिटं बसावं लागलं.

आत झोळी हलत होती. कमळी झोपली होती, तिची एक टाच बाहेर आली होती. इंदुबाई खाली बसून दोरी ओढत होती. मी पुढे होऊन पोर उचलली, नलूच्या हातात दिली आणि म्हटलं, "बाहेर जा. आंब्याखाली बस."

"काय झालं, बाबा?"

"जा म्हटलं ना!"

नलू गेली. मंगळीने शेजारून शिडी आणून लावली. कडीच्या बाजूला मी ठोकलं. बद्द. हातभर पलीकडे ठोकलं. बद्द. भिंतीपर्यंत सगळीकडे बद्द. मागच्या वर्षीही थोडा आला असणार असा आवाज, आणि मी जिभेचं ऐकलं असणार. छिन्नीने चुरा काढून मंगळीच्या तळहातावर ठेवला. तिने जिभेला लावला आणि खारा म्हणून मान हलवली. मग मी छिन्नी खोल घातली. सळई उघडी पडली. ती नखाने सोलली जात होती.

"इंदुबाई, हे घर सोडायचं. आजच," मी शिडीवरूनच म्हटलं.

इंदुबाईने आधी मला पाणी दिलं. मग समोर बसून शांतपणे बोलायला लागली. त्या बाईचा आवाज कधी चढायचा नाही, त्याचीच मला भीती वाटायची. "व्याही, गेल्या वर्षी तुमीच इथं उभे राहून छाती ठोकून सांगितलंत ना? शंभर वर्षं हलणार नाय म्हणालात. आमी दुसऱ्या कुनाला दाखवलं नाय, सोयरे हायेत, खोटं कशाला सांगतील म्हणून."

"माझी जीभ फसली."

"आनि आता ही आदिवासी बाई सांगते म्हणून घर सोडायचं? गंज कुठं नाय लागत? माझे नवऱ्याचे होडीचे खिळे वीस वर्षं गंजलेले होते."

वामन पाळीवरून आला. त्यालाही सांगितलं. तो चांगला मुलगा आहे, माझा मान राखणारा, आणि त्या मानानेच घात केला. "बाबा, तुमच्या शब्दावर अर्ध्या बेटेगावाने घरं घेतली," तो म्हणाला. "तुम्ही थकलात. एवढं ऊन, वर प्रवास. उद्या बोलू." मी नलूला सांगितलं, पोरीला घेऊन शिरगावला चल. नलू सासूकडे बघायला लागली. इंदुबाई म्हणाली, "सणाच्या तोंडावर सून माहेरी गेली तर लोक काय म्हणतील?"

त्या संध्याकाळी मी आणि मंगळी त्यांच्या ओटीवर बसून राहिलो, आणि नलूला मी सालवडपासूनचं सगळं सांगितलं. मी त्यांना भिंतीकडेला झोपायला लावलं, झोळी सोडून कोपऱ्यात अंथरूण घातलं, एवढंच ऐकलं त्यांनी माझं. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुबाईने झोळी पुन्हा कडीला बांधली. पोर खाली झोपत नाही, रडते, असं म्हणाली. मी सोडली. तिने पुन्हा बांधली. दुपारभर आमचं हेच चाललं. शेजारपाजारचे जमून हसत होते, व्याही-विहीण झोळीवरून भांडतायत म्हणून. मी प्रत्येकाला सांगत होतो, आणि प्रत्येक जण मला माझाच शब्द परत ऐकवत होता. एवढी वर्षं मी जे नाव कमावलं होतं, ते त्या छताखाली माझ्या नातीला झोपवत होतं, आणि मला ते मोडता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, अक्षय्य तृतीयेला सकाळी, इंदुबाई देवळात गेली. वामन सुट्टी नव्हती म्हणून कामावर. मी नलूला आणि कमळीला शेजारच्या अंगणात नेऊन बसवलं, घरातली भांडीकुंडी, कपडे, देव, धान्याचा डबा, सगळं मी आणि मंगळीने बाहेर काढलं. मग मी घण घेऊन स्लॅबवर चढलो. भिंतीलगत, जिथे पायाखाली भिंत होती तिथे उभा राहिलो आणि मधल्या भागावर घण घातला.

मनात वाटत होतं, लागू नये. घण परत उडावा, हात झिणझिणावेत, मी येडा ठरावा आणि इंदुबाईच्या पाया पडून माफी मागावी. पहिला घाव बसला. दुसरा. तिसऱ्याला पायाखालची भिंत थरथरली. चौथा घालायला मी घण उचलला होता, घातला नव्हता, आणि मधला स्लॅब आवाज करून आत गेला. अख्खाच्या अख्खा. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. सळया भिंतीतून बाहेर लोंबत होत्या, सुकलेल्या बोंबलासारख्या, हात लावला तर मोडतील अशा. झोळीची कडी ढिगाऱ्यावर उताणी पडली होती.

मी खाली उतरलो ते बसतच. गाव धावत आलं. इंदुबाई देवळातून पळत आली, हातातला प्रसाद तसाच, आणि दारात उभी राहून तिने आत बघितलं. मला वाटलं आता ती मला शिव्या देईल. तिने कमळीला नलूच्या हातातून घेतलं, उराशी धरलं आणि भोकाड पसरून रडायला लागली. मीही रडलो. मला बरं वाटत होतं, हे कबूल करतो. माझं पोर वाचलं होतं, माझ्या पोरीचं पोर वाचलं होतं, आणि त्या क्षणी जगात दुसरं काही नव्हतं.

नलू माझ्याजवळ आली. पदराने तिने माझ्या तोंडावरची धूळ पुसली. आणि मग तिने विचारलं, "बाबा, सालवडच्या त्या बाईला सांगितलंत ना? तिला सातवा महिना आहे म्हणालात."

सांगितलं नव्हतं. तीन दिवस. सालवड बोईसरच्या पलीकडे, रिक्षाने अर्धा तास. येता-जाता सांगता आलं असतं, कुणाबरोबर निरोप देता आला असता. माझ्या डोक्यात आलंच नाही. मी माझ्या छतासाठी धावत होतो, आणि ज्यांना मी "घ्या खुशाल" म्हणालो होतो ते आजच, अक्षय्य तृतीयेला, राहायला जाणार होते. मंगळी तोवर उठून रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवत होती.

सालवडला पोचलो तेव्हा दाराला झेंडूचं तोरण होतं, अंगणात चपलांचा ढीग. आत वास्तुशांतीचं जेवण चाललं होतं. बाहेरच्या खोलीत पंगत बसली होती, समोरासमोर दोन रांगा, वीस-बावीस माणसं, म्हातारी, पोरंबाळं. बरोबर मधोमध, मी ठोकून बघितलं होतं त्या जागेखाली, हंसा हिरवी साडी नेसून जिलब्या वाढत होती. कोपऱ्यात चौरंगावर पूजा मांडलेली, तिच्यात नारळाचा कलश.

"दामूशेठ!" कृष्णकांत मोठ्याने म्हणाला. "या, या. मंडळी, हेच ते. यांच्या शब्दावर घर घेतलं आपण."

सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. कुणी तरी टाळ्या वाजवल्या. धुळीने माखलेला मी दारात उभा होतो. माझे डोळे वर गेले. गिलाव्यावर परवा नव्हती अशी एक बारीक चीर दिव्याच्या वायरीपासून भिंतीकडे गेली होती.

"बाहेर या," मी म्हटलं. "सगळे बाहेर या. माझी चूक झाली. स्लॅब खारा आहे, पडणार आहे."

कृष्णकांत हसला. मग त्याचं हसू अर्धवट राहिलं. "परवा तर तुम्ही..."

"परवा मी चुकलो! आत्ता माझ्या पोरीच्या घराचा पाडून आलोय. उठा!"

"घेतलेली दिसतेय," पंगतीतला एक जण म्हणाला. एक वयस्कर गृहस्थ भातावर वरण ओढत म्हणाले, "शुभ दिवशी असं अभद्र बोलू नये. आणि भरल्या पानावरून कोणी उठत नाही. तुम्ही हातपाय धुवा, तुमचंही पान वाढतील." पोरं हसली. हंसा मात्र जिलबीचं ताट धरून तशीच उभी होती आणि वर बघत होती. तिच्या सासूने तिला म्हटलं, "वाढ गं, थांबू नकोस." तिने खाली बघून पुढच्या पानात जिलबी ठेवली.

मी ओरडलो. हात जोडले. मला आठवतं, मी आईची शपथ घेतली. एकही माणूस उठला नाही. दोन तरुण मात्र हात धुऊन मला बाहेर काढायला आले आणि मला खांद्याला धरून मागे ढकलायला लागले. वरची चीर मला दिसत होती. मला त्या गोदामातला चप्पल घातलेला पाय दिसत होता.

तेव्हा मंगळी माझ्या बाजूने आत गेली. तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. पानं न तुडवता ती दोन्ही रांगांच्या मधून चालत चौरंगापर्यंत गेली, वाकली, पूजेतला कलश दोन्ही हातांनी उचलला आणि पळत सुटली.

मग एकच गलका झाला. "चोर! कलश नेला! धरा तिला!" भरल्या पानावरून न उठणारी ती सगळी पंगत एका झटक्यात उठली. पानं तुडवली गेली, वरण सांडलं. ते वयस्कर गृहस्थ सगळ्यांच्या पुढे होते. बायका, पोरं, सासू, सगळे अंगणात धावले. मला धरणारे दोघं मला टाकून पळाले. हंसा पोट सावरत माझ्या बाजूने बाहेर गेली, रडत होती. मी आत शिरलो. पाटावर एक आजी उरली होती, तिला उठता येत नव्हतं. तिला मी उचललं, अंगणात आणून तुळशीजवळ बसवलं, पुन्हा आत जाऊन स्वयंपाकघर बघितलं, मोरी बघितली. मग दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली आणि त्या कडीवर पाठ टेकवून उभा राहिलो.

मंगळी फार लांब पळाली नव्हती. अंगणाच्या कडेला, घरापासून पंधरा पावलांवर, तिने कलश जपून जमिनीवर ठेवला होता, आणि त्याच्या बाजूला ती हात बांधून उभी राहिली होती. तिच्यावर पहिली थप्पड बसली. मग किती बसल्या ते मला दिसेना, माणसांचा घोळका झाला. कुणीतरी काठी मागत होतं. तिला सोडवायला मला दार सोडावं लागलं असतं. दार सोडलं असतं तर पोरं पुन्हा जिलब्यांसाठी आत पळाली असती.

ती मला हाक मारत नव्हती. त्या सगळ्या आरड्याओरड्यातून तिचा आवाज आला, तो एवढंच विचारणारा.

"दादा, आत कोन ऱ्हाला नाय ना?"

"नाय गं," मी दाराला टेकून ओरडलो. "कोण नाय."